ओळख न पटलेलं

मला खोकडं ओळखता येतात ती उलटी टांगलेली.
दिवा नसला तरी चालतो.
पाठीवरून तळहात फिरवला की कळतं :
भरड, लांब, बोटांत अडकणारं, ते तांबडं, आमचं उनेग.
आखूड, दाट, पिठात हात घातल्यासारखं, ते ख्यार्स.
अठरा हिवाळे हेच विकलं मी
बारून-उर्तच्या बाजारात,
शेपटीला शेपटी बांधून, डझनावारी.
भाव ठरला की व्यापारी आणि मी
बाह्यांत हात घालून बोटं दाबायचो.

आता जिवंत ओळखायची आहेत.
शहरातून आलेल्या ओदोन्चिमेगने
माझ्या हातात कागद दिला. त्यावर चौकटी :
शेपटीचं टोक पांढरं की काळं?
कानांची मागची बाजू?
पाय मोजे घातल्यासारखे काळे,
की अंगाच्याच रंगाचे?
आणि अगदी तळाशी एक चौकट
जिच्याकडे मी पहिल्या दिवशी बघितलंही नाही :
ओळख न पटलेलं.
'बादरच गुआइ, तुम्हाला ती लागणारच नाही,'
पोरगी म्हणाली.

उणे एकतीस. मोटरसायकल खोकून गप्प झाली.
मार्मोटांच्या जुन्या बिळांपाशी
आम्ही पोटावर पडून राहिलो,
दुर्बिणीची कडा भुवईला चिकटलेली.
दुरून डोंगर साजरे म्हणावं, तर इथे डोंगरच नाहीत;
दुरून सगळीच खोकडं साजरी,
आणि सगळी एकाच मातीची.

मग बिळातून दोन निघाली. ख्यार्स.
हे मी टोक बघून नाही, उगाच म्हणालो,
आणि बरोबर निघालं.
एकाने पुढचे पाय ताणले,
दुसऱ्याच्या मानेवरचा बर्फ चाटला,
आणि जांभई दिली.

अठरा हिवाळे.
जबडा किती उघडतो ते मला माहीत होतं,
मीच उघडायचो, दात मोजायला.
जांभई माहीत नव्हती.

कागदावर जांभईला चौकट नाही.

संध्याकाळी आमच्या गेरमध्ये चहा.
नातीच्या पाळण्यावर नमद्याचं खोकड टांगलेलं;
खांदसुरेनने आमच्या मुलीच्या वेळी शिवलेलं,
आता मुलीच्या मुलीला.
झोपेत खोकड येतं म्हणतात, कानाशी लागतं :
तुझी आई मेली.
लेकरू हसतं, कारण आत्ताच तर दूध प्यालंय.
कधी रडतं. तेव्हा हे वरचं खोकड
त्या खोकडाला हाकलतं.
ओदोन्चिमेग पाळण्याखाली वाकली,
मानेला रग लागेपर्यंत बघत राहिली :
'कानामागे काळं नाही. पायांत मोजे नाहीत.
शेपटीचं टोक...'
टोक नव्हतंच. दोन पिढ्यांनी चघळून संपवलेलं.
खांदसुरेन म्हणाली, 'मी कुठलं शिवलं
ते मलाच कुठे माहीत?
घरात होता तो नमदा घेतला.'
आणि माझ्याकडे न बघता :
'कातडी मात्र नव्हती वापरली. एवढी पडलेली असून.'

मी वाटी उलटी करून ठेवली. बाहेर पडलो.
जनावरं बघून येतो, म्हणालो.

कुंपणामागे, शेणाच्या ढिगापाशी, ते उभं होतं.
चांदणं असं की रंग म्हणून काही उरत नाही.
तांबडं असेल. थोरलं वाटलं.
नाहीतर थंडीने फुगलेलं ख्यार्स.
वास आला, तो दोघांचाही असतो.
आमच्यात नऊ पावलं असतील, दहा.
शेपूट त्याच्या मागे होती, मला दिसली असती
थोडं बाजूला सरकलो असतो तर.
सरकलो नाही.

हातमोजा कधी काढला ते कळलं नाही.
हात पुढे होता, पालथा,
पाठ शोधणारा.
तो तसाच हवेत किती वेळ राहिला
ते खोकडालाच विचारा.

सकाळी बोटांना पेन धरवेना.
ओदोन्चिमेगने काही विचारलं नाही.
तळाच्या चौकटीत खूण तिनेच केली,
आणि वेळ लिहायला म्हणून माझ्याकडे बघत बसली.