गट नंबर एकशे बारा

सात-बाऱ्यावर लिहिलंय : पोटखराबा, क्षारपड.
उसानं पाणी पिऊन पिऊन
चौदा वर्षांत वर आणलेलं मीठ.
लांबून पाहिलं तर वाटतं
कुणी धोतर वाळत घातलंय.

मी देवगडची. मत्स्यव्यवसाय खात्यात,
बंदरावर, डिझेलच्या वासात सहा वर्षं.
बदली झाली सोलापूरला.
आई म्हणाली, थंय मासे खंय गो?
मलाही तेच वाटलं. पण फायलीत उत्तर होतं :
निर्यातवृद्धी. साठ टक्के अनुदान, महिला गट,
चार शेततळी, आठ एरेटर
आणि एक फलक, ज्यावर कोळंबीपेक्षा
मंत्र्यांचा फोटो मोठा.

गटाच्या अध्यक्ष गुरुबसव्वा हविनाळे.
गळ्यात करडगी, घरात अंडंसुद्धा नाही.
पहिल्याच बैठकीत विचारलं,
'सांभाळायचं म्हणजे खायला लागतंय का?'
नाही, खाणारे लांब आहेत, परदेशात.
'मग होऊ दे.
रेशमाचा किडा तरी आपण कुठं खातोय.'

बीज आलं हैदराबादपर्यंत विमानानं, पुढं टेम्पोनं,
पापणीच्या केसाएवढं.
माझ्याकडे क्षारतामापक होता,
तिच्याकडे जीभ. बोअरच्या पाण्यात बोट बुडवून सांगायची,
'आज आमटीपेक्षा जास्त.'
यंत्र म्हणायचं, आठ.
आमटीपेक्षा जास्त म्हणजे आठ,
हे मी वहीत लिहून ठेवलं.

कुडलच्या बाजूचा वारा पडला त्या रात्री
तीन वाजता वीज गेली.
जनरेटरचा हप्ता अजून मुंबईत सहीला होता.
एरेटर थांबले, आणि काठाकाठानं
कोळंबी वर आली, बॅटरीच्या झोतात
हजारो तांबडे डोळे.
श्वास मागताना त्यांना आवाज नसतो.

गुरुबसव्वा लुगडं खोचून आत उतरली,
मागून निंगव्वा, रुक्साना मुजावर, इटकरांची सून.
घमेल्यानं, ताटानं, एकीच्या हातात तर सूप,
पाणी उचलायचं, आपटायचं, उचलायचं.
मीही उतरले. बूट काढायचे राहिले.
अहवालात हे कुठल्या रकान्यात लिहिणार?
'यांत्रिकीकरण'च्या पुढं मी आडवी रेघ मारली.

सहाला वीज आली.
एक तळं गेलं, तीन राहिली.

महिन्यानं बर्फाचा ट्रक भरला तेव्हा
ती खोक्यावरचं नाव लावून लावून वाचत होती,
कुठल्याशा बंदराचं,
जिथं तीही जाणार नाही आणि मीही.
मग हात राखेनं घासले, हुंगले, पुन्हा घासले.
'वास जात नाही, मॅडम.'
आमच्याकडे तर कुणी घालवतच नाही, म्हटलं.

ती हसली. रिकाम्या होत आलेल्या तळ्यात
बोट बुडवून जिभेवर ठेवलं, उगाच.
'तुमच्या समुद्राचं पाणी किती?'
पस्तीस.
तिनं मनात हिशोब केला, आमटीच्या चौपट, वर थोडं.
'अग्गं बया,' म्हणाली,
'मग तुमच्याकडं ऊस कसा येतोय?'