दौत

दौत काखेत धरून बसलेत पाद्री एयोल्फुर,
शाई वितळायची वाट बघत.
यंदाचं मानधन: पिंपभर लोणी, सुकवलेला कॉड
आणि एक लंगडी मेंढी,
तीही गवत कापल्यावर देऊ म्हणाले.

रविवारी फ्योर्ड ओलांडून चौघंच आले.
त्यांतला एक कुत्रा.
त्याने जांभई दिली तिथे
प्रवचन जरा आवरतं घेतलं.

आता लिहायचंय: स्टेनुन, वय तीन दिवस.
बाप्तिस्म्याला पाणी नव्हतं;
बर्फ स्वतःच्याच तोंडात धरून
तिच्या कपाळापुरतं कोमट केलं होतं.

मृत्यूचं पान उघडतात, थबकतात.
जन्माचंच राहिलंय,
तेव्हाही शाई गोठलेली.

मग आधी ते.
नाव, वार, आईचं नाव.
फुंकर न घालता
वाळू देतात सावकाश.
पान उलटायची घाई नाही.