अर्ध्या ओळखीचं रक्त

नोएमिया डॉक्टर म्हणाली,
बाप-लेकीचं अर्धंच जुळतं. कुणाचंही.
मी विचारलं, मग उरलेलं अर्धं कुठून आणू?
म्हणाली, तेवढं सांभाळून घ्यायचं.

रक्तातही सांभाळून घेणं असतं
हे मला साठीला कळलं.

कुरितिबात जून आहे. गवतावर दहिवर गोठतं,
अराउकारियाखाली पोरं बिया वेचतात.
जुसाराच्या खोलीला खिडकी आहे,
पण ती उघडत नाही.

माझ्या कमरेच्या हाडातून काढलेलं
ते लाल, दाटसर काहीतरी
तिच्यात उतरलं तेव्हा
ती मोबाइलवर मांजराचे व्हिडिओ बघत होती.
मी मात्र थेंब मोजत बसलो. दोनशे अकरापर्यंत मोजले,
मग नर्सनं मला बाहेर काढलं.

पुढचे सतरा दिवस फळ्यावर शून्य.
पांढऱ्या पेशी : शून्य.
एकदा कुणीतरी त्या शून्याला डोळे काढले
आणि तोंड, किंचित हसरं.
कुणी पुसलं नाही.

फुलं नकोत. कुंडीतली माती नको.
दोना इराचीनं पाठवलेलं घरचं चीज
बाहेरच्या बाकावर घाम फुटून बसलेलं.
मी चाळीस वर्षं येर्बाच्या भट्टीवर पानं वाळवली,
माझ्या नखांत धूर आहे, धूळ आहे,
आणि धुळीत बुरशीचं बी, डोळ्यांना न दिसणारं.
शेजारच्या खोलीतला लादिस्लाउ
छातीत बुरशी उगवून गेला.
डॉक्टर 'उगवून' म्हणाली नव्हती.
मी झाडांतला माणूस, मला तसं ऐकू आलं.
त्या दिवसापासून मी कोपरापर्यंत हात धुतो,
कातडी सालीसारखी निघेपर्यंत.

चौतिसाव्या दिवशी रिपोर्ट आला.
बाहेरून काही आलं नव्हतं. आतलाच होता तो.
पाळणाघरात कुणी लाळेनं भिजलेला ठोकळा
तिच्या हाती दिला असेल,
तेव्हापासून तिच्यात झोपलेला एक विषाणू,
तीस वर्षं, भाडं न देता, कुरकुर न करता.
तिच्या जुन्या पेशी त्याला ओळखायच्या,
कूस बदलली की दटावायच्या.
त्या पेशी आम्ही मारल्या.

माझ्या पेशींनी त्याला कधी पाहिलंच नव्हतं.
मी नदीपलीकडे वाढलो, एकटा,
ना भावंडं, ना शेजार,
उष्टा घास कुणी भरवला नाही.
डॉक्टरनं कागद दाखवला : दाता, निगेटिव्ह.
कुणाला वाटेल, चांगलीच गोष्ट आहे.

असा माझा एकांत तिच्या अंगात गेला.
मी दिलेला राखणदार परगावचा,
चोर समोरून गेला
तर टोपी काढून वाट देईल.

औषध विषाणूला मारतं
आणि जे नुकतं अंकुरलं त्यालाही.
फळ्यावरचा आकडा वर जातो, खाली येतो,
मी तो वाचतो जसा पूर्वी
भट्टीचा धूर वाचायचो : आज निळा, आज जड.
लघवीत रक्त आलं तेव्हा मी काही वाचलं नाही.
भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.
ती म्हणाली, पप्पा, इकडे बघ,
आता आपला रक्तगट एक झाला.
डासाला आपण दोघं सारखीच.

बावन्नावा दिवस. विषाणू कमी आहे.
'कमी' म्हणजे किती, मी विचारत नाही.

काचेच्या अलीकडे मी तुंबडीत येर्बा भरतो,
गरम पाणी ओततो, नळीनं ओढतो.
ती पलीकडे, स्टीलच्या कपात उकळलेलं पाणी.
आमच्याकडे एकच तुंबडी, एकच नळी,
घरभर फिरते, पाहुण्यालाही तीच.
शेवटचा घोट संपतो, नळी घुरघुरते,
मी पुन्हा पाणी भरतो
आणि सवयीनं हात पुढे करतो.

तुंबडी काचेला लागते.
तिनंही हात पुढे केलेला असतो.