दोन बोटं कमी

एल्वरुमच्या दुकानदारानं आधी हात धुतले,
मगच रायफल घेतली. हे मला आवडलं.
कुशीतली झडप उघडली, जिच्यात काडतुसं सुटी सोडायची
पसाभर शेंगा टोपलीत ओताव्यात तशी.
बोल्ट मागे ओढला, पुढे ढकलला, पुन्हा मागे,
आणि क्षणभर विसरला की समोर मी उभी आहे.
"लोण्यातून सुरी," एवढंच पुटपुटला.

मग त्यानं पट्टी काढली.

दस्ता मोजला. चष्मा लावून परत मोजला.
"कापलाय," म्हणाला, डॉक्टर बोलतात त्या आवाजात,
"चार सेंटिमीटर. आणि करवतही धड नव्हती."
मूळचा असता तर नऊ हजार क्रोन.
असा? दोन. फार तर अडीच.

करवत सरपणाची होती, हे मी सांगितलं नाही.
सत्तेचाळीसचा हिवाळा. आजोबांचा उजवा खांदा
ग्लोमा नदीतल्या ओंडक्यांनी निकामी केलेला,
घरात सहा तोंडं,
आणि थोरली गुन्व्होर, माझी आत्या, वय तेरा, हात आखूड.
तिला दारात उभं केलं, दस्ता खांद्याला टेकवला,
बोट काही चापापर्यंत पोचेना.
शिंप्यानं बाहीला खडू लावावा
तशी त्यांनी कोळशानं रेघ मारली, आणि कापलं.
त्या दिवशी तिला म्हणे स्वर्ग दोन बोटं उरला होता.
तीच ही दोन बोटं.

नळीतले गंजाचे खड्डे त्याला टॉर्चनं दिसले.
एकाच बाजूला का, ते कळलं नाही.
युद्धाची पाच वर्षं ती तळघरात, बटाट्यांखाली,
मेणकापडात, एका कुशीवर पडून होती.
वर स्वयंपाकघरात जर्मन शिपाई अंडी मोजत.
"खड्ड्यांचे पाचशे वजा," म्हणाला तो.

बर्गनहून स्टाइनारचा फोन: विकून टाक, निम्मे निम्मे.
परवाना काढायचा, पोलादी कपाट आणायचं,
कपाटच बंदुकीच्या तिप्पट.
भाऊ चुकत नाही. हिशेबात तर कधीच नाही.

आत्यानं किती एल्क पाडले कुणी मोजले नाहीत,
तिनंही नाही. एकच गोळी ती मोजायची.
ब्रुना, आमची घोडी, बर्फात पाय मोडलेली.
त्या गोळीची तारीख तिला पाठ होती,
आणि ती आली की त्या दिवशी ती कुणाशी बोलत नसे.
हे किमतीत धरायचं की वजा करायचं?
विचारणार होते. विचारलं नाही.

"कापलेला तुकडा मिळाला," दुकानदार म्हणाला, "तर चिकटवू.
सांधा दिसेल, पण भाव चढेल."
"एवढ्या वर्षांनी कुठला मिळायला," मी म्हणाले.

खोटं बोलले.
तो टेबलाच्या खिडकीकडच्या पायाखाली आहे,
अक्रोडाचा, जमीन पुसून पुसून काळा पडलेला.
सत्तर-पंच्याहत्तर वर्षं त्यानं सूप सांडू दिलं नाही.

घरी आल्यावर टेबल गुडघ्यानं उचलून काढला.
दस्त्याला लावून पाहिला. रेषा जुळल्या,
तरी मधे दोऱ्याएवढी उणीव राहिली,
करवतीच्या पात्याएवढी.
त्याचा भुसा झाला; तो चुलीतच गेला असणार.
मागे टेबल लंगडत होतं.
तुकडा परत जागच्या जागी सरकवला.

मग खिडकीशी उभं राहून, उगाच, दस्ता खांद्याला लावला.
बोट सरळ चापावर.
माझेही हात आखूड आहेत, हे मला
शर्टांच्या दुकानातच तेवढं आठवतं.
मी आजवर सशालाही दगड मारलेला नाही.

परवान्याच्या अर्जात 'कशासाठी हवी' असा रकाना आहे,
दीड ओळीची जागा.
मी लिहिलं: माप बसतं. खोडलं.
लिहिलं: शिकार. तेही खोडलं.
आता नवा अर्ज आणावा लागेल, सोमवारी,
कचेरी उघडली की.