शनिवारपर्यंत परत

तीन कॅमेरे आणलेत नोल्बेर्तोने,
शनिवारपर्यंत परत करायच्या बोलीवर.
दुकानदार ओळखीचा, त्याच्याही घरी गॅसची टाकी हाच पोचवतो.
जेवणाच्या टेबलावर मांडले तिन्ही,
आणि मी पीठ मोजायचा काटा काढला.

दोन वर्षं झाली, माझे गुडघे ही टेकडी उतरत नाहीत.
मीच म्हटलं होतं, तू रोज जातोस ते मला दाखव.
काय दाखवू, म्हणाला, जिनेच तर आहेत.

पहिला : एकशे चोपन्न ग्रॅम.
लाटेखाली चालतो, बर्फात चालतो,
विमानातून उडी मारणाऱ्यांच्या अंगावर असतो म्हणे.
वालपराइसोत उडी मारायची तर
माणूस शेजारणीच्या पत्र्यावर पडेल, आणि वर शिव्या खाईल.
छातीला पट्टा बांधून पाहिला त्याच्या.
नाकापेक्षा मोती जड.

दुसरा अंगठ्याएवढा, गोड,
लोहचुंबकाने सदऱ्यावर बसतो.
बसला. नोल्बेर्तोने टाकी खांद्यावर घ्यायला उचलली मात्र,
हा टुणकन उडून टाकीलाच चिकटला,
आणि त्याने दिवसभर जे पाहिलं
ते पिवळा रंग आणि एक पोचा.

(हसू नकोस, म्हणाला. मी हसलेच.)

मला हवा होता तो आखूडशिंगी, बहुदुधी.
हलका, स्वस्त, दिवसभर पुरणारा,
पाण्याला न भिणारा, कुत्र्यांनाही.
तिसरा टोपीच्या कडेला अडकतो,
त्याला पडदा नाही, आणि जीव सत्तर मिनिटांचा.
आठ तासांतली सत्तर कुठली निवडायची?
जेवणाआधीची, मी म्हटलं, पोस्टामागचा जिना.

संध्याकाळी लॅपटॉप उशीवर ठेवून पाहिलं.
निळी भिंत. केशरी भिंत.
कानेला, बेकरीवाल्याची कुत्री, आता केवढी म्हातारी झाली!
दारात तो टोपी काढतो, जुनी सवय,
म्हणून दोन्या एडेल्मिराचं घर मला दिसलंच नाही,
टोपी पोटाशी धरलेली, सदऱ्याचं एक बटण,
आणि आतून तिचा आवाज, सुट्टे पैसे शोधणारा.
बरं झालं. तिचं घर तिचं.

मग जिना.
या कॅमेऱ्याची म्हणे हीच करामत,
माणूस धावो, धडपडो, चित्र हलत नाही.
खरंच नाही हललं.
पायऱ्या लोण्यातून सरकाव्यात तशा खाली सरकत गेल्या,
जणू कोणी चढतच नव्हतं,
जणू पंधरा किलोची टाकी कोणाच्याच खांद्यावर नव्हती.

फक्त श्वास.
पहिल्या वळणाला नेहमीचा.
दुसऱ्याला तोंडाने.
तिसऱ्यानंतर एक शिट्टी मिसळलेली,
बारीक, किटलीला उकळी यायच्या आधीची,
आणि ती थांबेना.
चौतीस वर्षं या माणसाशेजारी झोपले मी.
झोपेत तो असा वाजत नाही.

वाऱ्याचा आवाज कमी करता येतो, तो म्हणाला,
सेटिंगमध्ये आहे, दुकानदाराने सांगितलंय.
राहू दे, मी म्हटलं.

शनिवारी दोन परत गेले. तिसरा राहिला, तीन हप्त्यांत.
डॉक्टरचं नाव काढलं तर हा माणूस आठवडाभर बोलणार नाही,
म्हणून अजून काढलं नाही. काढीन.
तोवर एवढंच मागितलंय :
तिसऱ्या वळणावर टाकी खाली ठेव,
मान वळव, आणि मला बंदर दाखव,
चांगलं पूर्ण दाखव, घाई करू नकोस,
क्रेन मोजायच्या असतात मला.

रोज दाखवतो बिचारा.
बायकोला समुद्राचं वेड लागलंय, असं सांगत फिरतो गल्लीभर.
मी डोळे मिटून घेते,
आणि शिट्टी विरेपर्यंत
क्रेन मोजते.