दोन मिनिटं बर्फ

दिवाळे गावच्या बाजारात चार वाजेपर्यंत
गुलाबच्या पापण्या ठीक असायच्या.
मग डावी उतरायची,
शटर अर्ध्यावर अडकावं तशी,
आणि ती मान मागे टाकून नाकाच्या शेंड्यावरून
गिऱ्हाईक बघायची.
लोक म्हणाले, माज आलाय.
लोक म्हणाले, दुपारचीच घेते.
भाव सांगता सांगता आवाज नाकात शिरायचा,
रात्री पाचव्या घासाला जबडा थकायचा,
हनुवटीला हाताचा टेकू देऊन
ती उरलेला भात चावायची.
एकदा झोपेत मीही तिचं तोंड हुंगलं.
हे तिला अजून सांगितलेलं नाही.

नेरूळच्या डॉक्टरीणबाईंनी
हातमोज्यात बर्फ भरला, गाठ मारली,
डाव्या पापणीवर ठेवला. दोन मिनिटं.
काढला तर डोळा टक्क उघडा.
बाई माझ्याकडे वळून काही बोलणार
तोवर गुलाब म्हणाली,
"यो तं मी वरीसभर करतंय, मॅडम.
पाटीतला बरफ. पापलेटाखालचा."

बाईंनी कागदाच्या पाठीमागे चित्र काढलं.
इकडे नसेचं टोक. मध्ये फट.
तिकडे स्नायू, त्याला बारीक बारीक दारं.
नस रसायन सोडते, ते फट ओलांडून दारावर पोचतं,
तेव्हा पापणी उचलते, घास चावला जातो.
ॲसिटिलकोलीन, त्या म्हणाल्या,
आणि माझ्यासाठी सावकाश पुन्हा म्हणू लागल्या.
मी म्हटलं, ठाऊक आहे.

पावण्याच्या एमआयडीसीत सव्वीस वर्षं
मी तेच पिंपात भरलंय.
म्हणजे ते नाही, त्याच्या झाडूवाल्याचा काळ.
फटीत एक झाडूवाला असतो,
निरोप पोचला की रसायन झाडून टाकतो.
आमचा माल त्याचे हात मोडायचा.
मग अळी थरथरायची, थरथरतच राहायची, मग गप्प.
औषधच म्हणायचे त्याला सगळे. दुकानदार, शेतकरी, आम्ही.
सहा महिन्यांनी कंपनी आमचं रक्त काढायची,
आत किती झाडूवाले शिल्लक आहेत ते मोजायला.
कमी भरले की पंधरा दिवस गेटवर बसवायची.

"यांच्या रक्तातले राखणदार फितलेत,"
बाई गुलाबकडे पेन करून म्हणाल्या,
"आपल्याच दारांना खिळे ठोकतायत.
उरलेल्या दारांवर रसायन जरा रेंगाळायला हवं.
म्हणून झाडूवाल्याला थोडा वेळ धरून ठेवायचं.
गारठ्यात त्याची बोटं वळत नाहीत, बर्फाचं तेवढंच.
गोळीचंही तेच."

मी विचारलं, म्हणजे आमचंच?
"तुमचं सोडत नाही. हे चार तासांनी सोडतं,"
त्या म्हणाल्या, आणि थांबून,
"घराणं एकच आहे."

सहा, दहा, दोन, सहा.
गोळ्या मिठाच्या बरणीशेजारी.
शिमग्याच्या आदल्या दिवशी बाजार तुडुंब,
तिने मनानेच तीन जास्त गिळल्या.
घरी आली ती तोंडाला पदर लावून.
लाळ. डोळ्यांतून पाणी. पोटात पीळ. घाम.
प्लँटच्या भिंतीवर पिवळा तक्ता होता,
कँटीनला जाताना रोज दिसायचा,
मी ओळीने वाचत होतो, माझ्या बायकोवर.
रिक्षा किल्ले गावठाणच्या सिग्नलला अडली.
पाचव्या ओळीत मांस फडफडतं,
आणि तिच्या गालाखाली फडफडत होतं.
सहावी ओळ श्वासाची.
मी तिच्या नाकाशी हात धरून बसलो
हॉस्पिटलच्या उतरणीपर्यंत.

ती ओळ आली नाही.

आता पावणेचारला मी बाजारात जातो,
पाणी आणि गोळी घेऊन, एकच.
आज ती सोलतानाच म्हणाली,
"तुजा औषद मी खातंय,
मंग किड्यांनी काय खावाचा?"
आणि हसली.
ओठांच्या कडा वर जात नाहीत तिच्या आता,
मधलाच ओठ उचलतो, दात दिसतात,
नवीन गिऱ्हाइकाला वाटतं, अंगावर आली.
एक बाई खरंच दोन पावलं मागे सरली,
कोलंबीची पिशवी तशीच सोडून.
मी पिशवी उचलून तिच्या मागे गेलो.