पाठवारा

साडेतीनला भोंगा. मी डायल गेज पुसून डबीत ठेवते.
हात रॉकेलनं, मग साबणानं, मग पुन्हा साबणानं,
तरी बोटांना कटिंग ऑइलचा वास राहतोच.
गेटाबाहेर इराण्णाची ओम्नी,
टपावर गुंडाळलेली फळी, पिंजाऱ्याकडं निघालेल्या गादीसारखी.
हत्तरगीच्या टोलवरचा पोरगा अजून विचारतोय,
"अक्का, तंबू काय?"
"व्हय," म्हणते. रोज कोण समजावणार.

दड्डीच्या काठाला आळीपाळीनं पंप मारतो.
इराण्णाला पोहता येत नाही. गुडघ्यापुढं पाण्यात
कधी उतरलेला नाही,
खरं वारा त्यालाच कळतो.
चिमूटभर माती सोडतो, ती कुठं जाते बघतो,
"गाळी छलो ऐती," म्हणतो
आणि गाडी घेऊन मास्तीहोळीला निघून जातो.
आता माझ्याकडं एकच दिशा उरते.

भादवा संपत आलेला, धरण काठोकाठ.
चंदगडाकडनं वारा उसावरनं घसरत येतो,
काठाजवळ पाण्याला नुसता शहारा,
पुढं सुरकुती,
आणि मधल्या पात्रात पाठीच पाठी,
मेंढरं एकमेकींना ढुशा देत
सगळी उगवतीकडं.

लाट मागनं येते. मागं बघायचं नाही.
पुढच्या खळग्यात फळीचं नाक,
तीन वल्ही जोरात, चौथं हलकं,
आणि पायाखाली काहीतरी सुटतं,
बेअरिंग नीट बसल्यावर शाफ्ट
एका बोटानं फिरतो तसं.
वल्हं वर धरून नुसती उभी असते.
कुणी ढकलत नाही, कुणी ओढत नाही.
काठावरची बाभूळ मागं जाते, मग पंपहाऊस,
मग धुणं आवरणारी एक बाई, जी हात करते
आणि मी करेपर्यंत लहान होते.

छातीवरच्या पिशवीत फोन.
गाणिगेर सायेब, प्लॅस्टिकमधनं, निम्मे वाऱ्यात:
"मुतगेकरबाई, दोनशे अकराची चिठ्ठी
तुमचीच नव्हे? सकाळी पुण्याची गाडी."
"माझीच."
"मग बास."

दोनशे अकरा. सातवी रिंग.
काटा दोन आणि तीनच्या मधे थरथरत होता.
दोन शतांशापर्यंत पास, पुढं लाल डबा.
तीन वाजून वीस झाले होते, बाहेर निलगिरी हलत होती.
मी दोन लिहिलं.

पुढची लाट हुकली. त्याच्या पुढचीही.
तिसरीला मी मागं वळून बघितलं.
पाणी कोमट असतं वरचं एक वीत,
खाली थंड, गढूळ, कुणाच्या तरी शेताच्या चवीचं.
पायाची दोरी ताणली, फळी थांबली माझ्यासाठी.
पोटावर चढले, गुडघ्यावर आले,
बराच वेळ गुडघ्यावरच.
वारा काय थांबत नाही. त्याला काय,
उभी असेन तर उभी नेतो, बसली तर बसली.

मास्तीहोळीला दिवे लागलेले.
इराण्णानं ओम्नीचं तोंड पाण्याकडं करून
हेडलाइट चालू ठेवलेला,
बॅटरी उतरती म्हणून रोज मीच त्याला बोलते.
"आज उशीर केलीस," तो म्हणतो,
घड्याळ न बघता.
फळीची हवा सोडतो. ती फुसफुसत राहते आमच्यामधे,
तेवढा वेळ बोलायला नको असतं.

हत्तरगी गेली. काकतीच्या डोंगरावर लाल दिवा.
"होनग्याला जरा थांब."
"काय इसरलीस?"
"व्हय."

दुसऱ्या शिफ्टचा वॉचमन माझ्या केसांकडं बघतो,
मग आभाळाकडं, पाऊस कुठं पडला म्हणून.
फरशीवर माझ्या पायांचे ओले ठसे
पॅकिंगपर्यंत.
खोका फोडते. पाच, सहा, सात.
डायल गेज डबीतनं काढते.
काटा तसाच थरथरतो.
या खेपेला उभी राहते,
तो थांबेपर्यंत.